सरकारी की खासगी प्राथमिक शाळा: काय तपासावं

इमारत आणि माहितीपत्रक बाजूला ठेवा. खरी पारख पहिली-दुसरीच्या वर्गात वीस मिनिटं मागच्या बाकावर बसून होते. शिक्षक एकेका मुलाकडून वाचून घेतात, की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो? सामूहिक पाठांतरात वाचता न येणारं मूल सहज लपतं. तिसरी-चौथीत ते उघडं पडतं, कारण तिथून पुढे प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो. वह्याही मागून घेऊन पाहा. फळ्यावरून उतरवलेलं सुबक अक्षर फसवं असतं; मुलानं स्वतः रचलेली वाक्यं आणि चुकीशेजारी शिक्षकानं केलेली दुरुस्ती शोधा.

सरकारी शाळेत शिक्षक सहसा प्रशिक्षित आणि नोकरीत टिकून असतात. मात्र रिकामी पदं किती आणि एका शिक्षकाकडे किती इयत्ता, हे आधी विचारा. खासगी शाळेत उलटा प्रश्न: गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? उत्तर टाळलं, तर सावध व्हा. फीसोबत बस, पुस्तकं, गणवेश, सहल आणि दरवर्षीची वाढ धरून चौथीपर्यंतचा हिशोब मांडा.

निकालांच्या तुलनेवर आमचा फारसा भरवसा नाही. खासगी शाळा अनेकदा मुलं निवडून घेते, त्यामुळे त्या गुणांत घराचा वाटा किती आणि शाळेचा किती, हे कळतच नाही.

दोन्ही शाळा सारख्याच वाटल्या, तर चालत जाता येईल ती घ्या. रोजचा दीड तास बसमध्ये गेला, तर लहान मुलाची झोप आणि खेळ दोन्ही कमी होतात.