हब मोटर की मिड-ड्राइव्ह? नाशकात दोन्ही वापरून झाल्यावर, फक्त मेंटेनन्सच्या बाजूने

ऑफिसमधल्या एकाने परवा विचारलं, ई-सायकल घ्यायचीय, मोटर मागच्या चाकात असलेली (म्हणजे हब) घेऊ की पॅडलपाशी असलेली (म्हणजे मिड-ड्राइव्ह). रेंज, वॅट, किंमत सगळं त्याचं पाठ होतं त्यामुळे मी त्यात पडलोच नाही. पण घेतल्यावर दोन-तीन वर्षं ती सांभाळताना हात नक्की कुठे काळे होणार हे दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी तीन वर्षं मागच्या हबवाली चालवली आणि आता दीड वर्ष झालं, जुन्या गिअरच्या सायकलला २५० वॅटचं मिड-ड्राइव्ह किट बसवून घेतलंय. इंदिरानगर ते सातपूर एमआयडीसी, रोज जाऊन येऊन, पावसाळ्यातही.

आधी हबचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. रोजच्या रोज बघायचं म्हटलं तर हबला काही लागतच नाही. मोटरचा जोर थेट चाकावर, चेनवर फक्त आपल्या पायाचा जोर, त्यामुळे तीन वर्षांत माझी चेन एकदाच बदलली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोटरमधून घरघर यायला लागली, झाकण उघडलं तर आत तीन पांढरे नायलॉनचे गिअर, दात झिजून अगदी पेढ्यासारखे गुळगुळीत. नवीन सेट मागवला, ग्रीस भरलं, विषय संपला. आणि अजून एक, चेन तुटली तरी थ्रॉटल देऊन घरी पोचता येतं, मिड-ड्राइव्हवाल्याला ते सुख नाही, त्याची चेन तुटली की मोटरही गेली आणि पॅडलही गेलं.

स्पोक मात्र तुटतात. मोटरचं वजन मागच्या चाकात, त्यात आपले खड्डे (सध्या सिंहस्थाच्या नावाने जे खोदकाम चाललंय त्याबद्दल न बोललेलं बरं), त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यायला लागायचा. तेही मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते पंक्चर.

म्हणजे ऐका. जुलै महिना, संध्याकाळी सात-सव्वासात, सातपूरहून निघालो आणि मायको सर्कलच्या अलीकडे मागचं चाक बसलं. पंक्चरवाला शंभर पावलांवर होता, मी खूश. साधं पंक्चर असतं तर त्याने चाक न काढताच एका बाजूने ट्यूब ओढून चिकटवलंही असतं, तसं आधी दोनदा झालंही होतं. पण या वेळी हवा भरायच्या वॉलच्या बुडाशी ट्यूब फाटलेली, तिथे ठिगळ बसत नाही, ट्यूबच बदलायला हवी, म्हणजे चाक काढायला हवं. त्याने खाली वाकून अ‍ॅक्सलमधून निघालेली जाड वायर बघितली आणि हात पुसत म्हणाला, "दादा, वायरवालीला मी हात नाही लावत, मागे एकाची बंद पडली तर माझ्याच गळ्यात आली." त्याचंही चूक नाही म्हणा. पुढच्या दोघांनीही तेच सांगितलं. पावसात चोवीस-पंचवीस किलोचं धूड ढकलत मुंबई नाक्यापर्यंत आलो, तिथून टेम्पो.

घरी स्वतः बसलो. केबल टाय कापा, चेनच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीजवळचा नऊ पिनांचा कनेक्टर सरळ ओढून सोडवा, अजिबात पिळायचा नाही, पिळला की आतल्या पिना वाकतात. मग अठरा नंबरच्या पान्याने दोन्ही बाजूच्या ढिबऱ्या. ट्यूब बदलायला दहा मिनिटं, बाकी सगळा तास हे काढण्या-बसवण्यात. आणि एवढं करून वायसरची जागा चुकली. त्या अ‍ॅक्सलला एक दातवाला वायसर असतो, तो फ्रेमच्या खाचेत बसला तरच अ‍ॅक्सल धरून राहतो, मोटर जोर लावते तेव्हा अ‍ॅक्सल उलटा फिरायला बघत असतो ना. माझा बसला नव्हता, दुसऱ्या दिवशी आयटीआय सिग्नलला थ्रॉटल दिला आणि कट्ट करून अ‍ॅक्सल फिरला, वायर पिळवटली. नशीब तुटली नाही. तेव्हापासून काहीही उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढतो.

आता मिड-ड्राइव्ह. मागचं चाक साध्या सायकलचं, कुठलाही पंक्चरवाला ते पाच मिनिटांत खाली घेतो, कोणी वायर बघून मागे सरत नाही. मला एवढ्यासाठीच ती आवडते असं म्हटलं तरी चालेल. पण फुकटात नाही मिळत हे. मोटरचा सगळा जोर चेनमधून जातो, त्यामुळे दीड वर्षात दोन चेन आणि एक कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) झाली. चेन किती झिजून ताणली ते मोजायची पट्टी मिळते ती घेऊन ठेवा, ०.७५ ची बाजू आत गेली की चेन लगेच बदला, नाहीतर ती कॅसेटलाही घेऊन जाते, माझी अशीच गेली. गिअर बदलताना पाय जरा ढिला सोडायचा, मोटर चालू असताना बदलला तर कडकन आवाज येतो तो ऐकूनच आपली चूक कळते. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी चेन पुसून तेल, याला पर्याय नाही. कंटाळा असेल तर हबच घ्या, खरंच.

शिवाय किटचं एक दुखणं, पॅडलला कट-कट आवाज यायला लागला, मला वाटलं छर्रे गेले, निघाली मोटर फ्रेमला आवळून धरणारी लॉकनट ढिली. तिला वेगळाच पाना लागतो जो गल्लीत कोणाकडे नसतो, आणि जिथून किट घेतलं तिथे फोन केला की आठ दिवस "फोटो पाठवा" एवढंच चालू होतं. शेवटी पाना मागवला, आता महिन्यातून एकदा आवळतो.

बॅटरीचं दोन्हीकडे सारखंच. ३६ व्होल्टवाली ४२ ला फुल्ल होते, ती दिवसेंदिवस तशीच फुल्ल ठेवू नका, गावाला जाताना अर्धी ठेवा, एप्रिल-मेमध्ये उन्हातून आल्या आल्या चार्जरला लावू नका. वॉशिंग सेंटरवाल्याला गन मारू देऊ नका, ओला फडका पुरतो. आणि वायर अशी बांधा की कनेक्टरच्या आधी ती थोडी खाली लोंबेल, पाणी तिथूनच ठिबकून जातं.

अर्थात माझा रस्ता वेगळा, तुमचा वेगळा. घर ते कॉलेज रोड एवढंच फिरणं असेल आणि घरी पाने धरणारं कोणी असेल तर हब काही वाईट नाही, माझी जुनी आता मेहुणा चालवतो आणि त्याने टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड भरून ठेवलंय, अजून तरी मजेत आहे. तरी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढंच म्हणा, माझ्यासमोर मागचं चाक काढून परत बसवून दाखवा. एका दुकानात मी त्या ऑफिसवाल्याबरोबर गेलो होतो, तिथल्या पोराने पाना शोधण्यातच वीस मिनिटं घालवली.