रगडा, मिक्सर की ग्राइंडर? आणि आदोळीचं काय?

भाचीने फोंड्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सासूबाई गावचा रगडा, म्हणजे वाटण वाटायचा दगड, द्यायला तयार, नवरा ग्राइंडर घेऊया म्हणतो, मिक्सर तर आहेरातच आलेला. "मामी, नेमकं काय ठेवू?" हुमणाचं, म्हणजे माशांच्या आमटीचं, वाटण कशात वाटायचं यावरून गोव्यात सासू-सुनांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही.

चवीपुरतं बोलायचं तर रगड्याला तोड नाही. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेत खोबरं कापतं, दगड ते चिरडतो. कापताना भांडं तापतं आणि वाटण फिरत राहावं म्हणून पाणी घालावंच लागतं. रगड्यावर चार शिंतोडे पुरतात, म्हणून वाटण घट्ट आणि गंधासारखं मऊ उतरतं. पण तो दोन माणसांशिवाय हलत नाही, गुळगुळीत झाला की छिन्नीने टाकी लावून पुन्हा खडबडीत करून घ्यावा लागतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी घरघर किती दिवस सोसणार? पडवी असलेल्या घरात तो शोभतो. फ्लॅटमध्ये त्याच्यावर कुंडी येते.

ग्राइंडरमध्येही दगडच फिरतात, पण सावकाश, म्हणून पीठ तापत नाही. सान्नां (इडलीसारखे वाफवलेले तांदळाचे प्रकार), इडल्या, वडे नेहमीचे असतील तर जरूर घ्यावा. दोघांच्या हुमणापुरतं मूठभर खोबरं मात्र त्यात कडेलाच चिकटून बसतं, आणि धुणं हे वेगळंच काम.

विजेचा हिशेब मनातून काढून टाका. 750 वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला तरी महिन्याला पावणेचार युनिटं. 150 वॉटचा ग्राइंडर रोज अर्धा तास, तर सव्वादोन. प्रश्न बिलाचा नाही, पावसाळ्यात ऐन स्वयंपाकाच्या वेळी वीज जाते त्याचा आहे. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नका. बहुतेकांच्या बुडाशी ओव्हरलोडचं बटण असतं. थोडा गार होऊ द्यावा आणि ते दाबावं.

म्हणून रोजच्यासाठी मिक्सरच. फक्त मिरच्या, धणे आधी भिजत घालायचे आणि तेफळं (तिरफळं) वाटणात न घालता वरून ठेचून टाकायची.

आता आदोळी, म्हणजे घाटावरची खवणी असलेली विळी. इथे मी हटून बसते. मिक्सरमध्ये खोबऱ्याचे तुकडे टाकले की काळी साल त्यातच दळली जाते आणि रस मळकट दिसतो. आदोळीवर साल लागायच्या आत हात थांबतो, सोय, म्हणजे खवलेलं खोबरं, पांढरीशुभ्र पडते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पाच-सहा नारळ खवायचे असले की एक पाय दुमडून पाटावर बसावं, गप्पा मारता मारता संपतात. गुडघे दुखत असतील तर ओट्याला घट्ट बसवायची हँडलवाली खवणी चालेल. तिची सोय थोडी जाडी पडते. समुद्राच्या हवेत लोखंड लवकर गंजतं, तेव्हा आदोळी धुऊन, पुसून खोबरेल लावून ठेवायची. दाते बोथट झाले तर कानस मारली की झालं.

भाचीला सांगितलं, रगडा सासूबाईंच्या पडवीतच राहू दे. चवथीला गावी गेलीस की पातोळ्यांचं पीठ त्यावर वाट. ग्राइंडरचं वर्षभराने बघू. आदोळी मात्र ऑनलाइन मागवू नकोस. बाजारात जाऊन पाट हलवून बघ, डुगडुगत असेल तर दुसरी माग.