जाड मेणखडू, बारा रंगांचा डबा: अंगणवाडीतल्या वापरानंतर

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी खडू घ्यायचे असतील तर हे जाड मेणखडूच घ्या. बारीक तेलखडू या वयाच्या मुठीत दोन मिनिटं टिकत नाहीत, वरून कपडेही माखतात. हे बोटभर जाड आहेत, अख्ख्या मुठीत धरता येतात, दाबले तरी मोडत नाहीत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. डबा तालुक्याच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने साठ रुपयांना आणला.

मी मुलांना घरची माणसं काढायला सांगते, तीही काही ना काही काम करताना. बर्न्स आणि कॉफमन या अमेरिकी अभ्यासकांनी 1970 साली कुटुंबाचं चित्र असं काढून घ्यायची पद्धत मांडली. नुसती रांगेत उभी केलेली माणसं फार बोलत नाहीत. कामाला लावली की कोण कोणाजवळ आहे आणि कोण कुठे आहे, ते मूल सांगू लागतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका साडेचार वर्षांच्या मुलीने आजी, चूल, शेळी असं सगळं काढलं. माय कुठेच नव्हती. विचारलं तर तिने कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पांढरा खडू घासघासून मेणाचा जाड थर बसला होता. म्हणाली, "माय वावरात हाय. कापसात दिसत नाई." माय पहाटे जाते आणि दिवेलागणीला येते. मी न विचारता कागद ठेवून दिला असता, तर मायला वगळलं असंच समजले असते.

म्हणून चित्रावरून झटपट निदान करणाऱ्यांचा मला राग येतो. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, बाप लहान काढला म्हणजे बापाची भीती, असं काही नसतं. काळा उठून दिसतो म्हणूनही मुलं तो घेतात. बाप शेवटी काढायला घेतला की कागदावर जागाच उरत नाही. तीन-चार वर्षांचं मूल डोक्यालाच पाय जोडतं, कधी हात राहून जातात. ते त्या वयाचंच चित्र आहे. हां, एखादं मूल महिनोन् महिने एकाच माणसाला दूर ठेवत असेल आणि त्याचं खाणं, खेळणं, बोलणंही बदललं असेल, तर मी घरी जाऊन त्याच्या मायजवळ बसते. एका कागदावरून कधीच जात नाही.

एका मुलाचे बाबा पुण्याला कंपनीत कामाला आहेत. त्याने चौकोन काढून आत दोन डोळे काढले आणि "बाबा मोबाइलमध्ये हायेत" म्हणाला. तो चौकोन मात्र मायच्या अगदी हाताला चिकटवून काढला होता. त्या घरी रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो.

आता डब्याबद्दल. पिवळा फिका उठतो, वहीच्या पातळ कागदावर तर दिसतच नाही. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत खडू मऊ होऊन एकमेकांना चिकटतात, एप्रिल-मेमध्ये डबा माठाजवळ ठेवावा लागतो. काळा आणि चॉकलेटी कंपनीने दोन-दोन द्यायला हवेत. केस, माती आणि ढोरांचा कोठा यांना तेच लागतात, त्यामुळे बाकीचे अर्धे शिल्लक असतानाच हे दोन संपतात.