प्रत्ययांचे पत्ते: पाण्याचे शब्द उत्तम, रंगांचे कच्चे

इंदूरच्या खजुरी बाजारात शालेय पुस्तकांच्या दुकानात मराठी प्रत्ययांच्या पत्त्यांचा एक संच मिळतो. किंमत 240 रुपये. मूळ शब्दांचे पत्ते पांढरे, प्रत्ययांचे पिवळे आणि सोबत उत्तरांची पातळ पुस्तिका. घरी मराठी बोलणारी पण शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकणारी पाचवी ते आठवीची मुलं असतील, तर संच जरूर घ्यावा. मात्र काही पत्त्यांवर आधी पेनाने दुरुस्ती करावी लागेल.

सगळ्यात सुरेख जमलाय तो पाण्याचा गट. जल, नीर, वारि, अंबु हे पांढरे पत्ते आडवे मांडा. ज, द, धि हे पिवळे उभे. ज म्हणजे जन्मलेला, द म्हणजे देणारा, धि म्हणजे साठवणारा. जलज, नीरज, वारिज, अंबुज: कमळ. जलद, नीरद, वारिद, अंबुद: ढग. जलधी, नीरधी, वारिधी, अंबुधी: समुद्र. सात पत्त्यांत बारा शब्द, आणि एकही घोकावा लागत नाही! ‘जलद गाडी’तला जलद मात्र यातला नाही, तो फारसी ‘जल्द’वरून आलेला, पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलंय हे फार बरं केलं. एक गोष्ट मुलांना सांगून ठेवा: व्याकरणाच्या पेपरात जलज, जलद यांचं उत्तर ‘उपपद तत्पुरुष समास’ असंच लिहायचं. कारण ज, द हे जन्, दा या धातूंवरून, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांवरून आलेले आहेत आणि ते एकटे वापरता येत नाहीत; अशा जोडशब्दालाच उपपद तत्पुरुष म्हणतात. संचात मात्र त्यांना सरसकट प्रत्यय म्हटलंय.

‘प’च्या पत्त्यावर फक्त ‘राखणारा’ छापलंय. नृप, भूप यांना ते चालतं. मधुप आला की मुलं ‘मध राखणारा’ म्हणतात आणि भुंगा हातचा जातो. संस्कृतात पा धातू दोन, एक राखण्याचा आणि एक पिण्याचा. मधुप मध पितो, पादप म्हणजे पायाने, मुळांनी पाणी पिणारं झाड. पत्त्यावर ‘पिणारा’ लिहून टाका.

खरी अडचण रंगांच्या पानावर आहे. तिथे पिवळसर आणि पिवळट समानार्थी दिलेत. ‘सर’ नुसती छटा सांगतो: ओलसर, गोडसर, काळसर. ‘ट’ आणि ‘कट’ बहुतेक वेळा नापसंती घेऊन येतात: मळकट, धुरकट, पोरकट. शालू पिवळसर असतो, आजाऱ्याचा चेहरा पिवळट. (खारट, तुरट, आंबट यांत नापसंती नाही, ती चवींचीच नावं.) म्हणून प्रत्ययावरून समानार्थी शब्द काढला की तो मूळ शब्दाच्या जागी वाक्यात घालून मोठ्याने वाचायचा, वाक्याचा सूर बदलला तर शब्द जवळचा असेल, पण समानार्थी नाही. हा टप्पा संचात कुठेच नाही, तो घरच्यांनीच करून घ्यावा.

जोडणीचे नियम थोडक्यात पण बरोबर आहेत. शेवटी ‘आ’ असेल तर ‘पणा’आधी ‘ए’ होतो: वेडेपणा, साधेपणा, भोळेपणा. चांगुलपणा आणि शहाणपणा हे अपवाद. माणूसमधला ‘णू’ दीर्घ, माणुसकीतला ‘णु’ ऱ्हस्व.

इंदूरच्या मुलांसाठी एक पान हवंच होतं, ते नाही. हिंदीचा ‘पन’ आपल्याकडे ‘पणा’ होतो, पागलपन म्हणजे वेडेपणा, हे मुलांना पटकन कळतं. पण मग त्याच धडाक्यात ‘लिखाई’, ‘पढाई’ जशीच्या तशी मराठीत येतात. तिथे प्रत्यय बदलून भागत नाही. लिखाण आणि अभ्यास हे शब्दच वेगळे द्यावे लागतात.

खोटी फोड ओळखायची कसोटी चांगली दिलीय: प्रत्यय झाकला की उरलेल्याला अर्थ हवा. होळकरमधून ‘कर’ काढला की होळ हे गाव उरतं. उदारमधून ‘दार’ काढला की नुसता ‘उ’ राहतो, म्हणजे तो प्रत्ययच नव्हे. चाकर, नोकर यांचंही तेच.

पत्त्यांचा कागद पातळ आहे, कोपरे लवकर दुमडतात; लॅमिनेशन करून घ्या. चौथीच्या खालच्या मुलांना सध्या पाण्याचे सातच पत्ते द्या, आणि ‘प’चा पत्ता दुरुस्त केल्याशिवाय डब्याबाहेर काढू नका.