घरच्या प्रिंटरवर विमानांची डिकल्स: नऊ महिने, सहा विमानं आणि एक वाया गेलेला हंटर

डिकल म्हणजे प्लास्टिकच्या मॉडेल विमानावर नंबर आणि चिन्हं लावायची पातळ चित्रं. ती छापायचा कोरा कागद घ्यावा की नको, एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. काळे नंबर, बारीक अक्षरं, स्क्वाड्रनची चिन्हं करायची असतील तर कोरा डिकल पेपर बिनधास्त घ्या. राउंडेलसाठी (पंखावरचं वायुसेनेचं गोल चिन्ह) घेणार असाल तर नका घेऊ. मी घेतला, आणि पहिले तीन महिने नुसता शिव्या घालत होतो.

सुरुवात झाली २०२५ च्या सप्टेंबरात. २६ तारखेला चंदीगडला मिग २१ चा वायुसेनेतून निरोप झाला, टीव्हीवर बघितलं, आणि कपाटात चार वर्षं पडलेला मिग २१ बिसचा किट बाहेर काढला, १/७२ चा, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढा. आम्ही पुण्यात धानोरीत राहतो, वायुसेनेच्या लोहगाव तळाजवळ, डोक्यावरून दिवसभर सुखोई जातात, मीटिंगमध्ये म्यूट दाबायची सवय लागलीय, आणि घरात एकही भारतीय विमान नाही हे जरा बरं दिसत नव्हतं. पण डब्यातल्या डिकल शीटवर मार्किंग सगळी परदेशी. भारतीय मार्किंगची शीट बाहेरून मागवायची तर पोस्टेज धरून ती किटपेक्षा महाग पडते. म्हटलं घरी इंक टँकवाला प्रिंटर आहे, आपणच छापू, त्यात काय एवढं. त्यात बरंच काही असतं.

तर सामान. इंकजेटचा वॉटरस्लाइड पेपर (पाण्यात भिजवला की चित्राचा थर सुटतो आणि मॉडेलवर सरकवता येतो), क्लिअर म्हणजे पारदर्शक आणि पांढरा असे दोन्ही, ए-४ शीट साधारण ८०-९० रुपयाला पडलं. पेपर इंकजेटचा आहे की लेझरचा हे नीट बघून घ्या, दोन्ही वेगळे असतात. क्लिअर लॅकरचा स्प्रे बोहरी आळीतून. डिकल नीट बसवायची दोन द्रावणं, मायक्रो सेट आणि मायक्रो सोल, ऑनलाइन. ड्रॉइंगला इंकस्केप हे सॉफ्टवेअर, ते फुकट आहे आणि या कामाला त्याच्या पुढे काही लागत नाही.

आता मेन रडगाणं. आपले प्रिंटर पांढरं छापत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं, पण त्याचा अर्थ काय हे पहिलं डिकल हिरव्या-करड्या कॅमोफ्लाजवर ठेवलं तेव्हा कळलं. वायुसेनेचा राउंडेल म्हणजे बाहेर हिरवं, मध्ये पांढरं, आत केशरी. क्लिअर पेपरवर छापला तर पांढऱ्याच्या जागी खालचं कॅमोफ्लाज दिसतं, केशरी विटकरी होतो आणि हिरवा तर गायबच. शाई पारदर्शक असते हो, कागदाचा पांढरा तिला उजळ दाखवत असतो, तो काढून घेतला की संपलं.

मग पांढरा पेपर. यात रंग झक्कास येतात, पण गोल अगदी कडेला कडा लावून कापावा लागतो, केसभर चुकलं की हिरव्याच्या बाहेर पांढरी किनार. आणि तो पेपर जाड. पंखावरच्या पॅनल लाइन्सवर (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेषा) बसवला की पापडासारखा वर राहतो. तिसरा उपाय म्हणजे पांढऱ्या पेपरचा नुसता गोल आधी लावायचा आणि त्यावर क्लिअरवर छापलेला राउंडेल. जमतं, पण दोन थर जाड होतात आणि केंद्र जुळवताना मान मोडते.

मग कोणीतरी म्हणालं लेझरवर काढ, शाई पसरत नाही. म्हणून लेझरचा पेपर घेऊन अप्पा बळवंत चौकातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने शीट उजेडात धरलं, नखाने कोपरा खरवडला आणि विचारलं, "हे आत वितळलं तर?" मी म्हटलं नाही वितळणार, लेझरचाच आहे, पाकिटावर लिहिलंय. तो म्हणाला, "पाकिटावर लिहिलंय ना, मग पाकीटवाल्याकडेच प्रिंट काढा. विमान तुमचं, मशीन माझं आहे." आणि पुढच्या गिऱ्हाइकाची टेक्स्टबुकं घेतली. राग आला तेव्हा, पण माणूस बरोबर होता. चुकून इंकजेटचा पेपर लेझरमध्ये गेला तर थर आतल्या गरम रोलरला चिकटू शकतो, आणि मी पाकीट बदललं नाहीये हे त्याने कशावरून मानायचं?

शेवटी राउंडेलचा प्रश्न सोडवला रेडियमवाल्याने! गाडीच्या नंबरप्लेटची अक्षरं कापून देतो तो. त्याच्याकडे प्लॉटर म्हणजे फाइलवरून आकार कापणारं मशीन असतं, इंकस्केपची फाइल पेन ड्राइव्हवर नेली. "गाडी कुठली?" म्हणाला. "मिग २१." एक सेकंद थांबला, मग म्हणाला "साइज सांगा." ३६ इंची राउंडेल धरला तर १/७२ मध्ये तो १२.७ मिमी होतो, आठ-दहा सेट एका तळहाताएवढ्या तुकड्यात बसले. आता हे स्टिकर म्हणून लावायचे नाहीत, मास्क म्हणून, म्हणजे रंग मारताना बाकीचा भाग झाकायला वापरायचे. आधी पांढरा मारायचा, मग रिंग झाकत झाकत केशरी आणि हिरवा एअरब्रशने. रेडियमचा गोंद फार कडक असतो, सरळ लावलात तर काढताना खालचा रंग घेऊन येतो. आधी तळहातावर चार-पाच वेळा चिकटवून काढा, मग लावा. आणि ५ मिमीपेक्षा लहान अक्षरं त्याला सांगू नका, ब्लेड वळताना कोपरे फाटतात.

मग छापायचं काय? तर नंबर आणि स्टेन्सिल (विमानावरच्या बारीक सूचना), आणि इथे हा पेपर पैसे वसूल करतो. हिशोब सांगतो. खऱ्या विमानावर १ इंच उंचीचं अक्षर १/७२ ला ०.३५ मिमी होतं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ते फक्त आठ ठिपके उंच. म्हणजे वाचता येणार नाही, पण भिंगातून बघितलं तर 'इथे काहीतरी लिहिलंय' असं वाटतं, आणि तेवढंच पाहिजे असतं. शेपटीजवळचे मोठे नंबर तर एकदम खणखणीत येतात. प्रिंट सेटिंग ग्लॉसी फोटो ठेवा. मी प्लेन पेपरवर ठेवलं होतं, प्रिंटरने इतकी शाई ओतली की काळ्याचे थेंब झाले. अजून एक, टेंपेस्ट हे जुनं लढाऊ विमान करणाऱ्यांनी पांढरा पेपर जरूर घ्या, इथे राउंडेलसुद्धा छापता येतो. स्वातंत्र्यानंतर १९५० पर्यंत आपल्या विमानांवर अशोकचक्राचा राउंडेल होता, निळं चक्र पांढऱ्यावर. कागद पांढरा, शाई एकच निळी, २४ आऱ्या सुटसुटीत मोजता येतात. मी मोजल्या.

आता वाया गेलेल्या हंटरबद्दल. १९७१ च्या ५ डिसेंबरला लोंगेवालाच्या लढाईत जैसलमेरहून जी हंटर लढाऊ विमानं गेली त्यातलं एक करायचं होतं, रंगकाम दोन आठवडे चाललं होतं, इतकं चांगलं कॅमोफ्लाज माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. इंकजेटचं शीट छापल्यावर लॅकरने सील करावं लागतं, नाहीतर पाण्यात शाई सुटते. मी ऑक्टोबरात परतीचा पाऊस धो धो चालू असताना गॅलरीत उभं राहून स्प्रे मारला. हवा दमट, लॅकरवर दुधाळ साय आली. म्हटलं वाळल्यावर जाईल. गेली नाही, वर थर नीट बसलाच नव्हता, आणि पाण्यात टाकल्या टाकल्या राउंडेलचा केशरी पांढऱ्यात पसरला. मी हुशारी करून तसाच चिकटवला, मग काढायला गेलो, डिकलबरोबर हिरवा रंग पण आला. रात्री दीड वाजता बायको उठून विचारत होती कोण ओरडलं. तेव्हापासून नियम केलाय की पाऊस असेल तर स्प्रे नाही. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात, आणि मध्ये एक दिवस.

मायक्रो सोल माझ्या लॅकरवाल्या डिकलला जवळजवळ काहीच करत नाही. किटमधली डिकल्स त्याने सुरकुततात आणि मग पॅनल लाइनमध्ये छान बसतात (सुरकुतलेलं असताना हात लावायचा नाही, लावावासा वाटतो, पण नाही), लॅकरवालं मात्र ढिम्म. मायक्रोस्केलचा लिक्विड डिकल फिल्म ब्रशने लावून बघितला, त्यावर मात्र सोल चालतं, आता लहान डिकल्सना तोच वापरतो. डिकलच्या खाली ग्लॉस कोट हवाच, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. आणि पाणी फिल्टरचं घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर, बोअरचं पाणी, वाळल्यावर पांढरे डाग पडतात. काळ्या नंबराभोवती असा डाग म्हणजे विमानावर कबुतर बसून गेल्यासारखं दिसतं.

पण खरं सांगू का, छापणं हा या सगळ्यातला दहा टक्के भाग आहे. बाकी वेळ जातो फोटो बघण्यात. फॉन्ट शोधत बसू नका, कुठलाच जुळत नाही, कारण बरेचसे नंबर कोणीतरी स्टेन्सिल धरून हाताने मारलेले. १९७१ ला मिग २१ एफएल चकचकीत धातूचे होते ते घाईघाईत तळावरच रंगवले, त्यामुळे दोन विमानं एकसारखी नाहीत. मी फोटो इंकस्केपमध्ये टाकतो, आणि विमानाची लांबी माहीत असते त्यावरून माप काढतो. हंटर १३.९८ मीटर, म्हणजे १/७२ ला १९४ मिमी. फोटोतलं विमान तेवढं करायचं आणि त्यावर अक्षर ट्रेस करायचं. विमान तिरकं उभं असेल तर हे माप खोटं येतं, पुढचं मोठं मागचं छोटं, म्हणून अगदी बाजूने काढलेलाच फोटो लागतो, आणि तो कधीच मिळत नाही.

त्यातही चूक होतेच. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, एअरफोर्समधून निवृत्त, एअरफ्रेम फिटर होते. मिग पूर्ण झाल्यावर कौतुकाने दाखवायला नेला. त्यांनी डावी बाजू बघितली, मान हलवली. उजवी बाजू बघितली आणि चष्मा काढून पुसला. "अरे, हा काय उलटा उडतोय?" शेपटीवरच्या तीन पट्ट्यांमध्ये केशरी नेहमी पुढे, नाकाच्या बाजूला. मी एकच चित्र दोन्ही बाजूंना छापलं होतं, म्हणजे उजवीकडे हिरवा पुढे. दुरुस्ती म्हणून पुढच्या शीटवर सगळंच मिरर केलं आणि नंबर पण आरशातला छापून बसलो. काकांना सांगितलं नाही.

नऊ महिन्यांनंतरची स्थिती अशी आहे. सीलबंद केलेले काळे नंबर जसेच्या तसे. मास्क मारून रंगवलेले राउंडेल अर्थातच उत्तम. पांढऱ्या पेपरवर छापलेला एक राउंडेल मुद्दाम ठेवला होता, कपाट खिडकीसमोर आहे, पाच महिन्यांत केशरीचा पिवळट झाला. उरलेली शीट्स पाकिटात सील करून ठेवलीत, उघडी ठेवलेली एक कडेने वळली आणि कापताना तडकली. पेपर परत घेणार का? हो, पण क्लिअरच. पांढरा फक्त चक्रापुरता.

सध्या काकांसाठी कॅनबेरा हे जुनं बॉम्बर विमान चाललंय. लोहगावला असताना ते ज्याच्यावर काम करायचे तेच विमान हवंय. त्याचा फोटो नाही, पण नंबर त्यांच्या डोक्यात पक्का आहे, विजेच्या बिलामागे लिहून दिलाय. अक्षर केवढं मोठं होतं विचारलं तर हवेत हात धरून म्हणाले, "वीतभर." वीत म्हणजे नऊ इंच, पण काकांचा पंजा लहान आहे, म्हणून मी आठ धरलेत. १/७२ ला २.८ मिमी. परवा रात्री छापलं, आज पाऊस नाहीये, दुपारी दुसरा हात मारायचा.