फेरेटला फिट्स येत असतील तर फोंड्यातलं हे क्लिनिक (अनुभव, थोडा मोठा आहे)

गोव्यात राहून फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) पाळलंय अशांसाठी मुद्दाम लिहितेय. आमची तिळू पाचव्या वर्षात आहे, तिला इन्सुलिनोमा आहे, म्हणजे स्वादुपिंडात बारीक गाठी होतात, त्या नको तेवढं इन्सुलिन सोडत राहतात आणि रक्तातली साखर एकदम खाली येते, मग फिट. फेरेटमध्ये तीन-चार वर्षांचं वय झाल्यावर हे खूप कॉमन आहे, पण आपल्याकडे फेरेट हाताळलेले डॉक्टर मिळणंच मुश्किल. याआधी एका ठिकाणी रक्त न काढताच एपिलेप्सी म्हणून गोळ्या लिहून मिळाल्या होत्या, अजून आठवलं की राग येतो.

इथल्या मॅडमचा पहिला प्रश्न होता, शेवटचं कधी खाल्लं हिने? मग फिटच्या आधी एकटक बघत बसते का, मागचे पाय ओढते का, लाळ गळते का, पंजाने तोंड खाजवते का. सगळंच होत होतं. मोबाईलवरचा व्हिडिओ त्यांनी थांबवून थांबवून बघितला. साखर तपासायला पोट रिकामं लागतं पण फेरेटला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, तीन-चार तास बस झाले, आणि तेवढा वेळही त्यांनी तिळूला क्लिनिकमध्येच नजरेखाली ठेवलं. आकडा आला ४८, पाहिजे ९० च्या वर. माणसांचं ग्लुकोमीटर फेरेटच्या रक्तात खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून नुसत्या त्याच्यावर न थांबता लॅबलाही सॅम्पल पाठवलं, तिथेही ६० च्या खालीच निघाली.

मला या क्लिनिकचं खरं कौतुक आहे ते पुढच्या भागासाठी. मी दिवसभर पणजीला ऑफिसात, तिळू आईजवळ. मॅडमनी आईला समोर खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, आई, फिट चालू असताना तोंडात बोट घालायचं नाही, चावेल, आणि तिला कळणारही नाही की तुम्हाला चावतेय. इअरबडवर थोडा मध घ्यायचा, ओठ बाजूला करून हिरडीला लावायचा, घशात ओतायचा नाही. शुद्धीवर आली, गिळायला लागली की लगेच चिकन. मध परत परत द्यायचा नाही, कारण साखर चढली की त्या गाठी अजून इन्सुलिन सोडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली. आणि फिट थांबतच नसेल तर घरी थांबायचं नाही, मध लावून सरळ गाडीत. आईने स्वतःच्या हाताने तिळूचा ओठ उचलून करून दाखवलं तेव्हाच सोडलं आम्हाला. आता आई म्हणते बायने शिकवलं म्हणून मी घाबरत नाही.

औषध प्रेडनिसोलोन, गोळी कडू, म्हणून कुटून चिकनच्या पाण्यात. तयार सिरपमध्ये साखर असते का ते बाटलीवर वाचून मगच घ्या असं सांगितलं, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही, स्टेरॉइड आहे, हळूहळूच कमी करावं लागतं. दर तीन-चार तासांनी मांसाचं खाणं, रात्रीही वाटी भरलेली. केळं, बिस्कीट, चवथीला नेवरीचा तुकडा, काही म्हणजे काही नाही (पाहुण्यांना सांगून सांगून दमायला होतं पण सांगावंच लागतं). हा आजार गोळीने बरा होत नाही, फक्त ताब्यात राहतो, डोस वाढत जाणार हेही स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन मी करत नाही, करायचं असेल तर चिठ्ठी देते, पण गाठी बारीक आणि बऱ्याच असतात, परत येऊ शकतात, असं म्हणाल्या. असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मला हवा होता.

आता कमी काय ते. रात्री क्लिनिक बंद, फोनवर बोलतात पण नेऊन दाखवायचं तर दुसरीकडे धावावं लागतं. फी फोंड्याच्या मानाने जास्त आहे. आणि वेटिंगची खोली एकच, कुत्रे-मांजरं सगळी तिथेच, आजारी पिल्लंही. कुत्र्यांचा डिस्टेंपर (विषाणूचा संसर्गजन्य आजार) फेरेटला झाला तर ते बहुतेक वाचत नाही, त्यामुळे आत बसूच नका, कंपाउंडरला सांगितलं की तो गाडीजवळ येऊन हाक मारतो. मे महिन्यात गाडीचा एसी चालू ठेवा, ३० डिग्रीच्या वर फेरेटला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही आणि त्यातही फिट येते. पावसात आमच्याकडे लाईट जाते तेव्हाचा उपायही मॅडमनीच सांगितला, बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात एका बाजूला, म्हणजे तिला हवं तर जवळ जाईल.

तिळूला फिट्स आता क्वचित येतात, मागचे पाय अजून कधीकधी लटपटतात, डोस एकदा वाढवलाय. जाणार असाल तर आधी फोन करून फेरेट आहे असं सांगा म्हणजे सकाळची वेळ देतात, फिटचा व्हिडिओ आणि ती काय खाते, किती वाजता खाते ते लिहून न्या, आणि तिचं खाणं सोबत घ्या, रक्त काढलं की लगेच द्यावं लागतं.