सहा महिन्यांची मेंबरशिप, 954 रुपये अन् अमेरिकेतला म्हातारा

आधीच सांगून देतो, मी काही पुरोगामी वगैरे नाही. गळ्यात माळ आहे, घरी एकादशी पाळतो, वडील शाखेत जायचे, अन् 2014 पासून माझं मत कुठं जाते ते गावात कोणाला विचारायची गरज नाही. त्यामुळे हे वाचून कोणी मला तिकडचा समजू नका, ज्या चॅनलची मेंबरशिप मी सहा महिने घेतली त्याच्यावर ते आधीच समजून झालेलं आहे, पुढे सांगतोच.

चॅनलचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्याचीच जाहिरात होईल, अन् तसेही असे चॅनल आता ढिगानं झालेत, ज्यानं घेतलं असेल त्याला दोन ओळीत कळेल. एक माणूस, कोरा कुर्ता, मागे पुस्तकांचं कपाट, टेबलावर तांब्याचा लोटा, अन् राजकारणातले घोटाळे, सिनेमा, शाळेची पुस्तकं, सण, कपडे, सगळ्यावर 'आपल्या' बाजूनं बोलते. रोजचे व्हिडिओ फुकट, पण शनिवारी रात्री नऊचा लाईव्ह फक्त मेंबरसाठी, महिन्याला 159 रुपये. 2025 च्या आषाढीच्या दिवशी पुतण्याकडून ऑटोपे करून घेतला. काहून घेतला विचाराल तर टीव्हीवरचं डिबेट सहन होत नव्हतं बाप्पा, सहा खिडक्या, सहाही जण एकदमच ओरडतात, अन् आपल्या सणावारावर बोलायचं म्हटलं की तोंड असं करतात जसं कोणी त्यांच्या चहात मीठ टाकलं. म्हटलं एक तरी माणूस शांतपणे आपली बाजू मांडते, त्याला 159 देऊ.

आता चांगलं आधी. आवाज स्वच्छ येतो, आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या इकडे नेट जेमतेम दोन काड्या असते तरी अडकत नाही. शिवीगाळ नाही, सुनेसमोर लावता येते. अन् कागद दाखवते, हे मला लय आवडलं. पहिलीपासून हिंदीचा विषय घ्या ना, 16 एप्रिलचा जीआर पडद्यावर, मग 17 जूनचा ज्याच्यात 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं, मग 29 जूनला दोन्ही रद्द अन् नरेंद्र जाधवांची समिती. एवढं टापटीप मला पेपरातही भेटलं नव्हतं. पण जुने व्हिडिओ ओळीनं पाहत गेलो तर गंमत लक्षात आली, जीआर निघाला तेव्हा ती सरकारची दूरदृष्टी होती अन् मागं घेतला तेव्हा ती सरकारची संवेदनशीलता झाली. म्हणजे सरकार इकडं पाय टाको की तिकडं, चूक व्हायची सोयच नाही. माझा नातू यंदा पहिलीत गेला. आमची बोली अर्धी हिंदीच्या बांधावरची आहे, आम्हाला हिंदीचं भेव नाही, पण लेकराला अजून 'ळ' लिहिता येत नाही तर तिसरी भाषा कशाला, एवढा साधा प्रश्न त्या तीन व्हिडिओत एकदाही आला नाही.

तरी म्हटलं ठीक आहे, नवीन आहे, पाहू.

मग जुलै आला. 20 तारखेला विधान परिषदेतला कृषिमंत्र्यांचा मोबाईलवर रमी खेळतानाचा व्हिडिओ फिरला. ते म्हणे जाहिरात बंद करत होतो. पानठेल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता, एक जण तर बिडी पेटवता पेटवता म्हणे, "माह्या मोबाईलवर बी येते ते जाहिरात, पण मले तं पत्ते लावता येत नाही." मी शनिवारची वाट पाहत होतो. लाईव्ह सुरू झाला, रमीला मोजून चार मिनिटं, त्यातली दोन 'व्हिडिओ काढला कोणी, सभागृहाची मर्यादा पाळली का' याच्यावर. अन् त्यानंतर चाळीस मिनिटं अमेरिकेतली एक नटी. सिडनी स्वीनी नाव तिचं, अमेरिकन ईगल नावाच्या कंपनीच्या जीन्सच्या जाहिरातीत होती, इंग्रजीत जीन्स अन् जनुकं उच्चाराला सारखेच, त्याच्यावरून तिकडं काही लोक म्हणे हा गोऱ्या वंशाचा उदोउदो आहे, अन् दुसरे म्हणे तुम्हाला सुंदर बाई पाहवत नाही. विषय समजावला छान, खोटं कशाला बोलू. पण मी कापूसवाला माणूस, माझ्या डोक्यात दुसरंच, की भाऊ ती जीन्स कापसाची असते, एक वाक्य तरी त्याच्यावर बोल. नाही. महिना संपता संपता मंत्र्यांचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा दिलं, एवढा मोठा विनोद आयता हातात आला होता, यानं तोही वाया घालवला.

लाडक्या बहिणीचे पैसे 14 हजारांवर पुरुषांनी उचलल्याचं निघालं, त्या भागात त्या पुरुषांना शिव्या, खाती तपासायची कोणाची ड्युटी होती त्याच्यावर गप. बुलडाण्याच्या आमदारानं मुंबईत आमदार निवासाच्या कँटिनवाल्याला शिळ्या डाळीवरून मारलं, सगळ्या देशानं पाहिलं, तो भाग अन्नातल्या भेसळीवर गेला. एकेक करून कळायला लागलं.

पण माझं मन खरं उतरलं ते पोळ्याच्या आठवड्यात.

गुरुवारी 21 ऑगस्टला खांदमळणी होती. संध्याकाळी गोठ्यात बसलो होतो, वाटीत तूप-हळद, बैलाचा खांदा मळत मळत मोबाईल गव्हाणीवर टेकवून रोजचा व्हिडिओ लावला. आधी पोळ्याच्या शुभेच्छा, अन् फोटो कशाचा, जर्सी गाईचा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्याची असती तर समजलो असतो की गडबडीत झालं, ही चांगली तांबडी, मोठी कास असलेली. पोळा कोणाचा असते हेही नाही माहीत याला? सालदार बाजूला बेगड कापत होता, तो म्हणे, "काका, हे दूध देणारा बैल कुठं भेटते?" मी मोबाईल उलटा करून ठेवला, आवाज चालू. अन् आवाजात काय चालू होतं, तर अमेरिकेत क्रॅकर बॅरल नावाची हॉटेलांची साखळी आहे, 1969 पासूनची, त्यांच्या पाटीवर पिंपाला टेकून बसलेला एक म्हातारा होता, तो त्यांनी त्याच आठवड्यात नव्या लोगोतून काढून टाकला. झालं. परंपरेवर घाव, म्हाताऱ्याचा अपमान, मुळं उपटून टाकायचा डाव. पंचवीस मिनिटं.

त्याच आठवड्यात, 19 ऑगस्टपासून, आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं होतं. 30 सप्टेंबरपर्यंत म्हणे. पऱ्हाटी पात्यावर आली होती, बोंड अजून फुटायचं होतं, अन् भाव आधीच फुटला. त्याच्यावर एक शब्द नाही. म्हातारा बसला पंचवीस मिनिटं.

शनिवारी लाईव्हमध्ये मीच चॅटवर टाकलं, पुतण्यानं टाईप करून दिलं: 'सर, कापसाच्या शुल्कावर बोला, विदर्भातले मेंबर आहेत.' काही नाही. परत टाकलं. तिसऱ्यांदा टाकलं तर ते चॅट सांभाळणारं जे कोणी असते त्यानं लिहिलं, 'अजेंडा इथे चालवू नका', अन् खाली दुसऱ्या एकानं 'अर्बन नक्षल' म्हणून टाकलं, त्याला अठरा लाईक. अर्बन! माझं घर गावाच्या टोकाला आहे, नळ दिवसाआड येते, रात्री रोही वावरात शिरते. मला पाच मिनिटांसाठी बंद केलं. पुतण्या हसून हसून आडवा, मी माळेवर हात ठेवून बसलेलो.

26 ऑगस्टला ट्रम्पनं आवाज टाकला अन् त्याच दिवशी त्या हॉटेलवाल्यांनी म्हातारा परत आणला. चॅनलवर विजयोत्सव, मेंबरांना वेगळा व्हिडिओ. 28 ला आपल्याकडं शुल्कमाफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. सप्टेंबरात एकदा सहज विषय निघाला तेव्हा म्हणे अमेरिकेनं 50 टक्के कर लावला, आपल्या गिरण्या वाचवणं हे राष्ट्रहित आहे. असेलही. मी नाही म्हणत नाही, गिरणी चालली तर कापूस विकेल. पण मग ते पोळ्याच्या आठवड्यात बोल ना, कास्तकाराच्या तोंडावर बोल. आमचा 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला 8110 होता, अन् पहिल्या वेच्याला खेडा खरेदीवाला सात हजाराच्या आत मागत होता, चुंगडी उघडून आत हात घालून ओलावा सांगते लेकाचा, मशीनसुद्धा लावत नाही.

आमच्या गावात झडत्या, म्हणजे पोळ्यातली टोमण्याची गाणी, म्हणणारे एक बुढे बाबा आहेत, चौथी नापास. पोळ्याच्या तोरणाखाली सगळ्या बैलजोड्या उभ्या, अन् त्यांनी डफड्यावर काय म्हटलं ऐका:

गाठ आली जहाजानं, तिची पट्टी माफ,
आमच्या कापसाचा भाव बाप्पा एका रातीत साफ!
साहेब बसले सभेमंदी, हाती पत्ते तेरा,
कास्तकाराच्या नशिबाले सावकाराचा फेरा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

दोन कडवी, मिनिटभर, अन् सरपंचापासून सालदारापर्यंत सगळे हसले, ज्यांचं सरकार आहे तेही. हे आमच्याकडं काल-परवाचं नाही. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे पुतळ्याची मिरवणूक, काळी 1881 पासूनची सांगतात, सोबत बडगे, तेही पुतळेच, त्या वर्षी ज्यानं लोकांना छळलं त्याचा बडगा, तो इकडचा का तिकडचा कोणी पाहत नाही. मी परंपरावादी आहे म्हणतो ते याच्यासाठी. सण करायचा, देव मानायचा, अन् तोरणाखाली उभं राहून राजालाही सोडायचं नाही, ही पण आपलीच परंपरा आहे, ती या चॅनलच्या कपाटातल्या पुस्तकांत नसेल तर माहीत नाही बा कोणती पुस्तकं आहेत ती.

तरी पण मी डिसेंबरपर्यंत चालू ठेवलं, कारण 'घोटाळ्यांचा इतिहास' म्हणून मालिका येणार होती अन् त्यात सिंचनावर भाग होता. माझी सासुरवाडी पवनी तालुक्यातली, गोसीखुर्दच्या अंगाची. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं तेव्हा किंमत होती 372 कोटी. सासरे सांगायचे की आम्ही भूमिपूजनाचे लाडू खाल्ले, पाणी नातवंडं पितील. भाग चांगला झाला, खरंच, आकडे, फाईली, ठेकेदारांचं साटंलोटं, 2013 मध्ये आपल्याच पक्षाचे नेते सिंचनाची चौकशी करणाऱ्या चितळे समितीकडं पुरावे बैलगाडीत भरून घेऊन गेले होते तो फोटोसुद्धा. मी उठून बसलो. अन् गोष्ट 2014 ला सत्ता बदलली तिथं संपली. पुढचं? लाचलुचपतवाल्या एसीबीनं 2019 ला कोर्टात क्लीन चिट दिली, अन् ज्यांच्याविरुद्ध बैलगाडी भरली होती तेच अजित पवार 2023 च्या जुलैत आपल्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले. आरोप खोटे होते तर बैलगाडी काहून जुंपली सांगा, खरे होते तर मांडीला मांडी काहून लावली सांगा, दोनपैकी एक सांगा अन् मी पुढचे सहा महिने आनंदानं भरतो. त्या भागाच्या शेवटी त्यानं लोट्यातून पाणी प्यायलं अन् म्हणे, 'पुढच्या भागात पाहू, पाश्चात्त्य देशांत कुटुंबव्यवस्था कशी मोडत आहे.'

दोन स्टार देतो. एक आवाजाला, एक कागद दाखवते त्याला. बंद करणं सोपं आहे, यूपीआयच्या ॲपात ऑटोपेमध्ये जाऊन मँडेट रद्द करायचं, पैसे कटायच्या आदल्या दिवशी मेसेज येतेच तेव्हाच करून टाका. कपही मागवला होता त्यांचा, त्याच्यावरचा 'अभिमान' तीन धुण्यात निघाला, आता नुस्ता 'मान' राहिला आहे, चहा चांगला राहते त्याच्यात. पुतण्या म्हणे काका आता 159 चं काय करता. बुढ्या बाबांना पोळ्याचा बोजारा यंदा 51 दिला होता, पुढच्या पोळ्याला वाढवून देतो म्हटलं. त्यांनी ऐकलं अन् म्हणे, "पैसे दे बाप्पा, पण काय म्हणाचं ते मीच ठरवीन."